दमणची नौका आणि आपली होडी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी प्राथमिकच्या बाकावर बसलो आहे. त्यांनी माझ्या वहीतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका जितक्या वेळा तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, तितक्या माझ्या पुढील आयुष्यात कुणीही केल्या नाहीत. तेव्हा या व्यासपीठावर उभे राहताना, पंचाहत्तरी गाठल्यानंतरही, वही पुढे करावी तसेच वाटते.

चिटणिसांच्या निमंत्रणपत्रात विषयाची मोकळीक होती. मी मराठीचा अध्यापक. इतिहासाच्या प्रांतात मी पाहुणा म्हणूनच जातो. परंतु पत्राच्या शेवटी, सहज लिहावी तशी, एक ओळ होती. शाळेमागच्या छपरीत पडलेल्या जुन्या होडीचे काय करावे यावर माजी विद्यार्थ्यांत दोन मते पडली आहेत, तुम्हांला ती होडी आठवतच असेल, असे चिटणिसांनी लिहिले होते. आठवते म्हणजे काय! पूल होण्यापूर्वी पलीकडच्या तीरावरची आम्ही वीसबावीस मुले रोज तिच्यातून येत असू. दप्तरे मांडीवर, चपला हातात. तारी वृद्ध होता, मराठी त्याला समजे पण तो बोले कोकणीच. ‘‘पुता, हात उदकांत घालूं नाका’’ हे त्याचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आजही फेरीबोटीत बसलो की हात आपोआप मागे घेतो.

मतभेद असा आहे. एका पक्षाचे म्हणणे, होडी दुरुस्त करावी. दुसऱ्याचे म्हणणे, ती कुजली आहे. तिच्याच मापाची फायबरची नवी होडी आणून प्रवेशद्वाराशी चौथऱ्यावर ठेवावी, म्हणजे आठवणही राहील आणि दरवर्षीचा खर्चही वाचेल. दुरुस्तीचा अंदाज नव्या होडीच्या किमतीहून बराच अधिक आला आहे. दोन्ही पक्षांत माझे स्नेही आहेत, आणि दोन्ही पक्षांनी मला स्वतंत्रपणे दूरध्वनी केलेला आहे. म्हणून ठरवले की आज यावरच बोलावे; मात्र आपल्या होडीपासून नव्हे, तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या एका नौकेपासून आरंभ करावा. हाच प्रश्न त्या नौकेलाही विचारला गेला होता, आणि तिचा आपल्या गोव्याशी आणि मराठ्यांच्या इतिहासाशी असा संबंध आहे की तो ऐकल्यावर पुष्कळांना नवल वाटेल.

गोष्ट १७७२ पासून सुरू होते. त्या वर्षी मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सान्ताना’ नावाच्या फ्रिगेटीचे नुकसान केले. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांची, वेगाने चालणारी लढाऊ नौका. पेशवे आणि पोर्तुगीज यांची बोलणी पुढे बरीच वर्षे चालली. १७ डिसेंबर १७७९ रोजी मैत्रीचा तह झाला, आणि त्या तहान्वये सान्तानाच्या नुकसानीची भरपाई म्हणून १७८३ मध्ये दमणच्या मागील नगरहवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. एका जहाजाच्या मोबदल्यात एक परगणा! पुणे दरबाराने हा व्यवहार महाग केला की स्वस्त, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. मला त्यात एवढेच दिसते की त्या परगण्यात सागाचे उत्तम रान होते, आणि साग म्हणजे जहाज. एक जहाज बिघडवल्याबद्दल आपण त्यांना अनेक जहाजांचे लाकूड देऊन बसलो.

त्या रानाच्या सागातून दमणच्या गोदीत एक पन्नास तोफांची फ्रिगेट बांधली गेली आणि १८४३ मध्ये पाण्यात उतरली. नाव ‘दों फेर्नांदु द्वितीय इ ग्लोरिया’. पोर्तुगालची राणी दुसरी मारिया आणि तिचा पती फेर्नांदु यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले. देखरेख पोर्तुगीज आरमाराच्या नौकाबांधणी अधिकाऱ्याची होती. पण प्रत्यक्ष बांधणीच्या मिस्त्रीचे नाव पोर्तुगीज नोंदींत ‘यादो सेमोजी’ असे काहीसे येते. तो जादव होता की यादव, सोमजी की शामजी, हे त्या लेखनावरून मला सांगता येत नाही. परकीय लेखणीतून उतरलेली आपली नावे अशीच ओळखू येईनाशी होतात. पण त्याच्या नावामागे लावलेली ‘मेस्त्रे’ ही पदवी आपल्याला परकी नाही. गोव्यात आपण आजही सुताराला ‘मेस्त’ म्हणतो. दमणला नुसते कवच तयार झाले. ते ओढून गोव्यास आणले गेले आणि डोलकाठ्या, शिडे, दोरखंड हा सगळा साज तिला इथे चढला. फेब्रुवारी १८४५ मध्ये ती गोव्याहून लिस्बनकडे निघाली आणि जुलैत पोहोचली. वास्को द गामापासून साडेतीन शतके चाललेल्या पोर्तुगाल-हिंदुस्थान जलवाहतुकीतील ती अखेरची शिडाची युद्धनौका मानली जाते.

तेहेतीस वर्षे ती समुद्रावर होती आणि त्या अवधीत तिने एक लाखाहून अधिक सागरी मैल कापले. आगबोटी आल्या, शिडांचे दिवस सरले, आणि १८७८ पासून ती लिस्बनच्या तेझू नदीत नांगरून पडली. वास्तविक येथेच तिची कथा संपायची. त्या काळी बिनकामाच्या लाकडी जहाजाची वाट ठरलेली असे: तांबे उतरवून विकायचे, लोखंड वेगळे काढायचे, लाकूड सरपणाला. ती त्या वाटेने गेली नाही याचे कारण तिच्यात शाळा भरली. आधी आरमाराच्या तोफखान्याची शाळा, आणि १९४० पासून गरीब घरच्या मुलांना राहाण्याजेवणाची सोय करून खलाशीकाम व इतर शिक्षण देणारी एक संस्था. सर्व मुले त्या जहाजावरच राहात, तिथेच शिकत.

मला हे वाचताना आपल्या शाळेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ती भावनेची गोष्ट बाजूला ठेवून एक व्यावहारिक गोष्ट पाहा. ज्या जहाजावर मुले राहतात तिथे गळती लागली की सकाळी कळते. डेकवरच्या फळ्या रोज धुतल्या जातात. सांधा उकलला की कुणीतरी राळ आणि काथ्या घेऊन बसतो. अशी नौका जीर्ण होत असते, पण तिचे जीर्ण होणे आणि दुरुस्त होणे एकाच वेळी, हातात हात घालून चाललेले असते. दुरुस्ती की नवी, हा प्रश्न तिथे एकदम असा उभाच राहात नाही.

मग ३ एप्रिल १९६३. जहाजावर आग लागली आणि पाण्यावरचा बहुतेक भाग जळून गेला. उरलेले कवच नदीच्या चिखलात रुतवून ठेवण्यात आले आणि तिथेच ते जवळजवळ तीन दशके पडून राहिले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. १९६३ म्हणजे गोवा मुक्त होऊन दीड वर्षही झालेले नव्हते. मी तेव्हा बारातेरा वर्षांचा होतो आणि आपली होडी रोज तिरंग्याखालून सुटत होती. ज्या राज्याचा हिंदुस्थानातला उरलासुरला मुलूख नुकताच गेला होता, त्याला हिंदुस्थानात बांधलेल्या जळक्या जहाजाकडे पाहाण्याचे मन होत नसावे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. खर्च, युद्धे, पुढे १९७४ ची क्रांती ही कारणे अधिक सरळ आहेत. पण ज्या वस्तूकडे पाहिले की हरवलेले काही आठवते, ती वस्तू आपण घराच्या मागल्या बाजूला ठेवतो, हा अनुभव तुम्हांआम्हांला आहेच. आपली होडीही छपरीत, मागल्या बाजूलाच आहे.

१९९० च्या सुमारास पोर्तुगीज आरमाराने तिचा उद्धार करण्याचे मनावर घेतले. १९९२ मध्ये कवच चिखलातून तरंगवून काढले. तेव्हा असे दिसले की जे चिखलात आणि पाण्याखाली होते तेच टिकले होते. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून कुजवणारे जीव तिथे फारसे वाढत नाहीत. आणि साग तो सागच. लिस्बनजवळच्या आरमारी गोदीत आणि पुढे आवेरोच्या एका गोदीत काम चालले. १९९८ मध्ये लिस्बनला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा ती पूर्ण सजून उभी होती. आज ती लिस्बनच्या समोरच्या तीरावर, कासिल्याशच्या कोरड्या गोदीत संग्रहालय म्हणून आहे.

सगळ्यांनाच हा उद्धार आवडला असे नाही. तो झाला तो पोर्तुगीजांच्या ‘शोधांच्या’ स्मरणोत्सवाच्या निमित्ताने. त्याच सुमारास, गामाच्या आगमनाला पाचशे वर्षे होत असता, इथे गोव्यात त्या उत्सवाविरुद्ध निदर्शने झाली. माझे काही विद्यार्थी त्यात होते आणि त्यांचे म्हणणे मला पटत होते. जहाज दुरुस्त करणे आणि त्या जहाजाच्या मागे उभ्या असलेल्या सत्तेचा गौरव करणे, या दोन गोष्टी एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. तरीही ‘यादो सेमोजी’ असे नाव कागदांत राहिले, त्याच्या हाताचे सांधे अजून त्या कवचात आहेत, आणि ते जळून जावेत असे मला कधीच वाटले नाही.

या नौकेच्या शेजारी आणखी एक नौका ठेवून पाहू, म्हणजे विचार करायला तुलना मिळेल. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागाने ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी नष्ट केले, त्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले आणि काम लांबले. ती इंग्लंडला पोहोचली तोवर नेपोलियनशी चाललेले युद्ध संपून चार वर्षे झाली होती. नव्या कोऱ्या जहाजाला काम नाही! पाव शतक ती तशीच बांधून ठेवलेली राहिली. १८४५ च्या सुमारास प्रश्न आला: मोडावी की बदलावी? तोफा कमी करून, पिछाडी नव्याने घडवून, तिला लहान वर्गाचे जहाज केले गेले, आणि मग ती पॅसिफिकपर्यंत जाऊन आली. पुढे तिच्यातही शाळा भरली, खलाशीकाम शिकणाऱ्यांची. १८९७ मध्ये मात्र आरमाराने ती मोडणाऱ्या व्यापाऱ्याला विकून टाकली.

इथे जेफ्री व्हीटली कॉब नावाचा एक धनिक गृहस्थ येतो. याने आधी नेल्सनचे एके काळचे ध्वजजहाज ‘फुद्रोयाँ’ मोडणाऱ्यांकडून सोडवून, पदरचे पुष्कळ द्रव्य खर्चून, अगदी नव्यासारखे केले होते. आणि जून १८९७ मध्ये ते वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटले. दुरुस्तीत ओतलेला पैसा असा एका दिवसात जाऊ शकतो, हे फायबरवाल्या पक्षाच्या बाजूने मी नोंदवून ठेवतो. कॉबने हात टेकले नाहीत. त्याने आपली ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली, तिच्यात मुलांचे शिक्षण सुरू केले, आणि नाव मात्र ठेवले ‘फुद्रोयाँ’. म्हणजे मेलेल्या जहाजाचे नाव जिवंत जहाजाला! हे दुरुस्ती करणे झाले की नवी आणणे? कॉबच्या मते त्याने फुद्रोयाँच्या जागी दुसरी आणली. मुंबईच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या मुलीला दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच नावाने दिवस काढावे लागले. ते नाव तिला जवळजवळ शंभर वर्षे चिकटून राहिले.

१९३२ पासून पोर्टस्मथच्या बंदरात हिच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ नावाची जुनी युद्धनौका उभी असे. ती मूळ फ्रेंच, ओक लाकडाची. ट्रफाल्गारच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेली आणि काही दिवसांतच इंग्रजांनी पकडलेली. दोन्ही नौकांवर मुले शिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर ओकची नौका फार बिघडली. दुरुस्तीचा अंदाज दीड लाख पौंडांच्या घरात गेला. १९४९ मधला इंग्लंड म्हणजे बॉम्बने पडलेली घरे आणि शिधापत्रिका. त्या सरकारला मी फार दोष देऊ शकत नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी तिच्यावर फ्रेंच आणि ब्रिटिश अशी दोन्ही निशाणे चढवून तिला इंग्लिश खाडीत नेले आणि स्फोटके लावून बुडवले. पोटात लोखंडाचे वजन भरलेले असूनही ती लगेच बुडाली नाही, तासन्‌तास तरंगत राहिली. पाहाणाऱ्यांना जी लाज वाटली, तिच्यातून जुनी जहाजे वाचवण्यासाठी पुढे एक आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. ‘इम्प्लॅकेबल : पुन्हा कधीही नाही’ हे तिचे घोषवाक्य.

शेजारची मुंबईची नौका मात्र राहिली. याचे बरेचसे श्रेय सागाला दिले पाहिजे. ओकमध्ये असलेल्या आम्लाने लोखंडी खिळे झिजतात. सागात तेल असते आणि ते लोखंडाला सांभाळते. पण उरलेले श्रेय त्या मुलांना. १९८६ पर्यंत त्या जहाजावर मुले येत होती. १९८७ मध्ये तिला तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेले आणि १९९० पासून अकरा वर्षे तिचे काम चालले. हार्टलपूलच का? कारण तिथे नुकतेच ‘वॉरियर’ नावाचे दुसरे जुने जहाज पूर्ण करण्यात आले होते आणि ते केलेले कारागीर मोकळे झाले होते. आणखी पाच वर्षे वाट पाहिली असती तर ते पांगले असते. १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. आज तिच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग मूळचा, म्हणजे मुंबईत घातलेला आहे, आणि ती पाण्यावर आहे.

ही सगळी माहिती मिळवताना मी भाषेच्या माणसाला साजेशा एका आडवाटेला लागलो. आपल्याकडे या कामाला शब्द आहे, ‘जीर्णोद्धार’. जे जीर्ण झाले त्याला वर काढणे. पण गेल्या पन्नाससाठ वर्षांत गोव्यात आणि कोकणात या शब्दाचा अर्थ उलटा झालेला मी पाहिला आहे. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे काय झाले? तर लाकडी कोरीव खांब, कौले, शेणाने सारवलेला सभामंडप हे सारे पाडून सिमेंटचे नवे देऊळ बांधले. पावतीपुस्तकावर ‘जीर्णोद्धार निधी’ आणि प्रत्यक्षात पाडकाम. शब्द जुना ठेवून वस्तू बदलण्याची ही कॉबसाहेबाचीच रीत. उलट जगन्नाथपुरीला नवकलेवराच्या वेळी देवाच्या लाकडी मूर्तीच बदलतात. १९९६ मध्ये झाले, २०१५ मध्ये झाले. तिथे लाकूड नवे येते हे कुणीही लपवत नाही; झाड कसे शोधावे, कुणी तोडावे, जुन्या मूर्तींना कुठे विसावा द्यावा, याचे विधी ठरलेले आहेत आणि ते जाणणारी घराणी आहेत. मूर्ती नवी, पण मूर्ती करणारा हात परंपरेचा.

आणि एकनाथांना विसरून कसे चालेल? शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, ओव्या घुसल्या होत्या. एकनाथांची प्रतिभा केवढी! त्यांना नवी गीताटीका लिहिणे सहज शक्य होते. त्यांनी जुन्या प्रती गोळा केल्या, ताडून पाहिल्या, आणि आपली एकही ओवी तिच्यात घातली नाही. इतरांनीही घालू नये असे बजावून ठेवले. मी वर्गात चाळीस वर्षे हे शिकवले. परंतु एकनाथ हे उत्तम मेस्त होते असे मला या व्याख्यानाच्या तयारीतच प्रथम वाटले.

आपल्या देशाच्या अलीकडच्या अनुभवाविषयी थोडक्यातच बोलतो, कारण तो तुम्हांला ठाऊक आहे. ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ मध्ये तिची मोडतोड सुरू झाली. २०२२ मध्ये त्याच नावाची नवी नौका कोचीहून सेवेत आली. ‘विराट’ अलंगच्या किनाऱ्यावर मोडली. पोलादाच्या जहाजाचा तुकडा बदलायला सागाची फळी नव्हे, कारखाना लागतो. ते प्रकरण वेगळे. पण आपल्या गोव्यातच अलीकडे जे घडले ते आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. अजिंठ्याच्या चित्रातील नौकेवरून, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, केरळातील कारागिरांच्या हातून इथे एक शिडाची नौका बांधली गेली. मे २०२५ मध्ये ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आली, डिसेंबरात पोरबंदरहून निघाली आणि पुढच्या महिन्यात मस्कतला पोहोचली. तिच्यात एकही जुनी फळी नाही, आणि तरी पंधराशे वर्षांपूर्वीचे काहीतरी तिच्यात निश्चित आहे. ते कुठे आहे? शिवणाऱ्याच्या बोटांत. ती बोटे केरळातून आणावी लागली, एवढेच मनाला टोचते.

आता एक खाजगी गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. आमची स्वतःची एक लहान होडी होती. खाजनातले भात आणि नारळ आणायला वडील ती वापरीत. १९७८ मध्ये वडील गेले. मी शहरात प्राध्यापकी करीत होतो, शोधप्रबंध पुरा व्हायचा होता. होडीच्या तळच्या तीनचार फळ्या गेल्या होत्या. मेस्ताने दुरुस्तीचा आकडा सांगितला तो मला अधिक वाटला, आणि मी ती मोडायला सांगितले. मोडण्यापूर्वी तो हातोडीचा दांडा तळाच्या मुख्य वाशावर आपटत टोकापासून टोकापर्यंत गेला. कान लावून ऐकत होता. मग मला म्हणाला, हा वासा अजून तुमच्या मुलांच्या लग्नापर्यंत जाईल. मी म्हटले, मोडा. मजुरीखेरीज त्याने एकच वस्तू मागितली: होडीची नाळ, पुढचे वर वळलेले लाकूड. पुढच्या होडीला बसवतो म्हणाला. नाळ हा शब्द आपण कशाकशाला वापरतो हे मराठीच्या डॉक्टरला त्या वेळी सुचले नाही, हे आश्चर्य. मी ते लाकूड देऊन टाकले. वाशाचे काय झाले ते मी विचारले नाही. बहुधा कुणाच्या चुलीत गेला.

मला दुरुस्तीचा आकडा अधिक वाटला तो नव्या होडीच्या किमतीशी ताडून. ताडायला हवा होता तो दुसऱ्या गोष्टीशी: वडिलांच्या मागे ती होडी चालवणार कोण होते? कुणी नव्हते. दुरुस्त केली असती तरी दोन पावसाळ्यांत ती पुन्हा कुजली असती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण दमणची नौका आणि मुंबईची नौका यांच्याविषयी वाचताना मला हे लख्ख दिसले की त्या वाचल्या तेव्हा त्यांच्यावर प्रेम करणारे होते म्हणून नव्हे. इम्प्लॅकेबलवरही प्रेम करणारे पुष्कळ होते. त्या वाचल्या कारण त्यांच्यात माणसे वावरत होती.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या दोन्ही पक्षांना माझे म्हणणे असे. चौथऱ्यावर ठेवायची असेल तर जुनी दुरुस्त करणेही व्यर्थ आणि फायबरची आणणेही व्यर्थ. लाकडी होडी उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पाणी हेच तिचे औषध. आणि फायबरच्या होडीकडे मुले दोन दिवस पाहातील. होडी दुरुस्त व्हावी ती पाण्यात जाण्यासाठी. आठवड्यातून एकदा आठवीनववीच्या मुलांनी तिच्यातून नदीवर जावे, वल्हे मारायला शिकावे, भरतीओहोटी वहीत नोंदवावी. बंदर कप्तान खात्याची परवानगी लागेल, अंगात घालायची जीवरक्षक जाकिटे लागतील, एक जाणता तारी लागेल. यातले काहीही अशक्य नाही. आमच्या तारीची नातवंडे याच गावात आहेत.

आणि मुख्य वासाच कुजला असेल तर? तर खोटे करू नये. तिची मापे घ्यावीत, नकाशा काढावा, आणि त्याच मापाने लाकडाची नवी बांधावी. फायबरची नव्हे, आणि दुसऱ्या गावाहून तयार आणलेलीही नव्हे. ती याच छपरीत, मुलांच्या डोळ्यांदेखत बांधावी. जुनीतले जे चांगले निघेल ते तिच्यात जावे. आपली होडी फणसाच्या आणि आंब्याच्या लाकडाची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जो भाग आहे, तो या ठिकाणी ध्यानात घेण्यासारखा आहे. आंबा, फणस ही रयतेची झाडे आरमारासाठी तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यांचा आदेश आहे. राज्याच्या आरमाराला हा नियम लागू होता. शाळेच्या होडीला तो सोडून चालणार नाही. शाळेच्या आवारातील उत्तरेकडचा फणस गेल्या पावसात अर्धा वाळला आहे, हे मी येताना पाहिले.

मेस्ताविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. या तालुक्यात लाकडी होडी पुरी बांधू शकणारे, मला माहीत असलेले, दोघेच उरले आहेत आणि त्यांतले एक माझ्या वयाचे आहेत. त्यांच्या हाताखाली कुणी नाही. काल मी त्यांच्या घरी जाऊन आलो. येत्या रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी ते येतील, हातोडी घेऊन, आणि वासा ऐकून सांगतील. कामाला लागायचे असेल तर पाऊस पडायच्या आत लागले पाहिजे, असेही ते म्हणाले. होडी उपडी करायला दहाबारा धडधाकट माणसे लागतील. माझा त्यांत उपयोग नाही, पण मी तिथे असेन. नववीच्या वर्गातील मुलांना पाठवण्याची विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.